गोबरगॅसच्या दोन रेघा

मित्रांनो, तिवशाजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अब्दुल सत्तार पेंटरांनी मला रंगवले. माझ्यावर दोन रेघा आहेत. लाल देशाची, हिरवी वऱ्हाडची. शंभर घरांमागे गोबरगॅस किती, ते त्या वर्षागणिक सांगतात. खरे तर हिरव्या रेघेत आसपासची पाचच गावे आहेत; पण शालिकराम सरांनी ठणकावून 'वऱ्हाड' लिहायला लावले. आमच्याकडे मन असे मोठे असते!

दरवर्षी दिवाळीनंतर सर लाल आकडा सरकारी अहवालातून उतरवत आणि मुले गावोगाव फिरून हिरवा आणत. बारा वर्षे हिरवी रेघ लालच्या वर राहिली. पाहुणा आला की सर आधी त्याला माझ्यापुढे उभे करत. मला भारी गर्व होता, कशाला लपवू?

यंदा मला अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचे ठरले. आठवीतली आचल मोजणीला गेली आणि गोदाबाईंच्या अंगणात अडली. गोबरगॅसच्या टाकीवर गोधडी वाळत होती आणि घरातून धूर येत होता. पुढचे सारे तिने परत येऊन माझ्यासमोरच सरांना सांगितले.

"मावशी, गॅस असून चूल काहून पेटवता?" तिने विचारले होते.

"अवं पोरी, तीन साल झाले, गॅस येतच नाही. मले रोज धूर खाव लागते," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी अंगनातूनच मोजून जाता. आत येऊन कोनी पाह्यलं?"

मग आचल घराघरात शिरली. दर तीन गोबरगॅसमागे दोन बंद निघाले.

"सर, खरी रेघ काढली तं ते लालच्या खाली जाते," ती म्हणाली. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होते.

सरांनी हिरव्या रंगाचा डबा तिच्यापुढे ठेवला. "काढ," ते म्हणाले. "बारा वर्सं आपन टाक्याच मोजल्या, पोरी. शेगड्या मोजल्याच नाही."

हिरवी रेघ धाडकन खाली आली. मला फार लाज वाटली.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "म्हणजे वऱ्हाड मागे पडले?"

"नाही सर," आचल म्हणाली. "लाल रेघ बांधलेल्या टाक्यांची हाय. हिरवी यंदा पेटलेल्या शेगड्यांची हाय. देशात पेटतात किती, ते आमाले माहीत नाही. माप एक नाही, तं मागं कोन अन् पुढं कोन, कसं सांगू?"

बक्षीस दुसऱ्या शाळेला मिळाले. पण तिचा तो ठाम आवाज ऐकून माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

परतल्यावर सर मिस्त्रीला घेऊन घरोघर गेले. कितीतरी ठिकाणी नळीत नुसते पाणी साचले होते. ते काढताच शेगड्या पेटल्या. गोदाबाईंचीही पेटली. महिन्याभराने त्या शाळेत आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"याच्यात माहा गॅस कुठी हाय व?"

आचलने हिरवी रेघ बोटभर वर नेली होती. तिने गोदाबाईंचा हात धरला आणि त्यांचे बोट रेघेच्या टोकावर टेकवले. ओला रंग बोटाला लागला, तो त्यांनी पुसला नाही.

मित्रांनो, ती रेघ अजून लालच्या खाली आहे आणि मी ती बेधडक मिरवतो. तुम्ही कधी अशी रेघ काढाल, तेव्हा अंगणातून परत फिरू नका. आत जा, आणि शेगडी पेटवून बघा.