दिवसाला एक मिलिमीटर

सालवडच्या मंदाने आजवर एकही ब्लाऊज कबूल केलेल्या दिवशी दिला नव्हता. पण लेकीच्या हाताची तारीख मात्र तिने टेप लावून ठरवली.

स्वरा जन्मली तेव्हा तिचा खांदा अडकला आणि मानेतल्या नसा ताणल्या गेल्या. उजव्या मुठीत ती खुळखुळा धरायची, पण कोपर काही वाकायचं नाही. खुळखुळा तोंडाशी येईचना. मंदाचा जीव तिळतिळ तुटायचा. पाचव्या महिन्यात मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी स्वराच्याच पायातली नस काढून मानेत जोडली. "आता नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढेल. दंडापर्यंत पोचली की कोपर वाकेल," त्या म्हणाल्या.

एवढं कळल्यावर शिंपीण गप्प बसते होय? मानेपासून दंडापर्यंत पाच इंच भरले. म्हणजे एकशे सत्तावीस दिवस. कॅलेंडरात त्या दिवशी रविवार आला, तर बाईने शेजारपाजार जेवायलाच बोलावला.

सगळे जेवले आणि स्वराच्या हाताकडे बघत बसले. हात ढिम्म. "पायाची नस हाय ना," शेजारची जागृती म्हणाली, "मंग पाय हालवून बघा की!" सगळे हसले. मंदाही हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली.

नवरा, प्रताप, मागोमाग आला. "तू कदी कोनाला येळेवर दिलंस काय? पोर तुजीच हाय!"

मंदाने त्याला लाटणं दाखवलं.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, जोडलेली नस आधी महिनाभर नुसती रुजते, मग वाढते. आणि तीही काही टेप बघून वाढत नाही. मंदाला धीर आला, पण हात कधी हललाच नाही तर, ही धास्ती काही जाईना.

त्यावर दीड महिना गेला. जागृती नवा ब्लाऊज घालून उभी होती, मंदा टाचण्या लावत होती. सहज खाली बघते तर चटईवर बसलेल्या पोरीच्या तोंडात कापडावर खुणा करायचा खडू!

"अगं, थू! थू कर!" मंदाने खडू हिसकावला. स्वराने भोकाड पसरलं.

"मंदा," जागृती हळूच म्हणाली, "कंच्या हातानं खाल्ला तिनं?"

डाव्या हातात तर दोऱ्याचं रीळ होतं. मंदा चटईवर लेकीसमोर बसली. हिसकावलेला खडू तिने लेकीच्या उजव्या मुठीत परत दिला.

"खा गं माजे बाय. आणखी एक डाव खा."

हुंदके देत देतच स्वराने कोपर वाकवलं.