फाटकापाशी दिलेलं

"काका, त्या पिशवीत काय वाजतंय?" कोद्रुत्सानं विचारलं.

"चेरी," मी म्हणालो.

"चेरी वाजतात?"

खोटं बोलायला जी तयारी लागते ती माझ्याजवळ कधीच नव्हती. नशिबानं तेवढ्यात पर्यटक जमू लागले आणि तिनं माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडे हसून पाहिलं.

जूनमधल्या शनिवारची सकाळ होती. विद्यापीठासमोरच्या चौकात लाल छत्री उघडून मी उभा होतो. छत्री कंपनीची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'कम्युनिस्ट काळातलं बुखारेस्ट, पायी'. कंपनी कोद्रुत्साची. ती मोल्दोव्हाकडच्या एका खेड्यातून शिकायला आली आणि इथलीच झाली. तिचा जन्म झाला तेव्हा तो काळ संपत आला होता. मी तो जगलो होतो म्हणून तिनं मला कामावर ठेवलं होतं, आणि तो मला नीट सांगता येत नव्हता म्हणून आज ती स्वतः फेरीला आली होती.

माझी नोकरी एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासण्यात गेली. जन्मभर चुका शोधलेला माणूस बोलायला लागला की त्याला आधी स्वतःच्याच दिसतात, आणि मग आवाज आत जातो. फेरीनंतर लोक अभिप्राय लिहितात. 'म्हातारा भला आहे, पण ऐकू येत नाही.' 'एका सिग्नलपाशी उगाच थांबवतो. तिथं पाहायला काहीच नाही.'

"तो सिग्नलचा थांबा काढून टाकू या," कोद्रुत्सानं आधीच फोनवर सांगितलं होतं. "लोक राजवाडा बघायला येतात काका, सिग्नल नाही. शनिवारी मी येते. त्याच्याशिवाय फेरी कशी होते ते बघू."

"बरोबर आहे," मी म्हणालो होतो. मी बहुतेकांना हेच म्हणतो.

तो सिग्नल आमच्या अंगणात उभा आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं. पर्यटकांनाही नाही. 'इथे एक घर होतं' एवढंच मी म्हणायचो, आणि कुणाचं ते कुणी विचारायचं नाही.

घर पाडायला सरकारी माणसं आली तेव्हा आई जर्दाळूचा मुरंबा करत होती. पातेलं गरम असतानाच ट्रकवर चढलं. आमची गल्ली, तिच्या मागची, त्याच्या मागची, सगळी टेकडी गेली. त्या जागी हुकूमशहाचा राजवाडा आणि राजवाड्याकडे जाणारा रुंद रस्ता आला. आम्हाला शहराच्या टोकाला दहाव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. बाबा तिथं फार दिवस टिकले नाहीत.

रस्ता पुरा झाल्यावर मी एकदा आईला तिथं घेऊन गेलो. जुना नकाशा बरोबर घेतला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नव्या लावलेल्या लिंडेनच्या झाडांच्या रांगेखालून चालत राहिली आणि एका जागी थांबली.

"इथं."

"कशावरून?"

"चढ लागला ना. बाजारातून येताना मला इथंच दम लागायचा. समोर फाटक दिसायचं म्हणून बरं वाटायचं."

मला चढ दिसला नाही. अजूनही दिसत नाही. पण चालताना गुडघ्याला किंचित कळतो.

जूनमध्ये, पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे पितरांचा शनिवार असतो. नवा मातीचा पेला घ्यायचा, त्यात दुधात शिजवलेला गोड भात घालायचा, पेल्याच्या कानाला चेरीचा घोस बांधायचा, मेणबत्ती पेटवायची आणि गेलेल्या माणसाच्या नावानं तो कुणाला तरी द्यायचा. घेणारा दोन्ही हातांनी घेतो आणि म्हणतो, 'बोगदाप्रोस्ते'. देव त्यांना क्षमा करो. त्या शब्दाबरोबर दिलेलं पोचतं. त्याचे पैसे घ्यायचे नसतात, आणि ते देणाऱ्यानं स्वतः खायचं नसतं.

आई ते फाटकात उभी राहून द्यायची. वाटेवरून जो जाईल त्याला: पोस्टमन, दूधवाली, समोरचा दारुडा फ्लोरेआ. दहाव्या मजल्यावर गेल्यापासून ती लिफ्टमध्ये देऊ लागली. लोक घ्यायचे, शब्दही म्हणायचे, पण नजर मजल्याच्या आकड्यांवर असायची.

"लिफ्टमधलं पोचत नाही रे, साबिन," ती शेवटी शेवटी म्हणायची. "तुझे बाबा स्वप्नात येतात ते रिकाम्या हातानं. मला मात्र फाटकापाशी दे."

"आई, तिथं फाटक नाही आता. मोठा रस्ता आहे."

"फाटक कुठं मागतेय मी? जागा तर कुणी ट्रकवर घालून नेली नाही ना?"

जानेवारीत ती गेली. फेब्रुवारीतही असा एक शनिवार येतो. त्या दिवशी मी एकटाच पिशवी घेऊन सिग्नलपाशी जाऊन उभा राहिलो. लोक माना खाली घालून झपाझप जात होते. मी पुढे केलेला पेला त्यांना दिसायचा, मी काय म्हणतो ते ऐकू जायचं नाही. एक बाई न थांबताच म्हणाली, "नको आजोबा, घरी खूप आहेत." तिला वाटलं, मी पेले विकतोय. संध्याकाळी भात तसाच घरी आणला आणि टाकवेना म्हणून खाल्ला. ती चूक होती हे खातानाही कळत होतं.

माझं बोलणं थांबून ऐकणारी माणसं मला फक्त फेरीतच भेटतात. म्हणून आज पिशवी बरोबर होती.

आम्ही निघालो. सात-आठ माणसं होती. त्यांत एक फार उंच डच गृहस्थ, मोठी टोपी घातलेली एक पोर्तुगीज बाई, आणि मोबाईल उंच धरून चालणारं एक तरुण जोडपं. पाडापाडीतून वाचवायला रुळांवर घालून सरकवलेलं चर्च मी त्यांना दाखवलं. ते आता एका इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या पेट्यांशेजारी उभं आहे.

"अख्खं चर्च सरकवलं?" डच गृहस्थांनी विचारलं. "आणि आतले पाद्री?"

"ते पायी आले असावेत," मी म्हणालो. लोक हसले. कोद्रुत्सानं मागून अंगठा वर केला. माझा विनोद चालला की ती खूश व्हायची. मला मात्र तो विनोद होता की नाही याचीच शंका असायची.

मोठ्या रस्त्याला लागलो तशी पिशवी जड झाली. समोर सिग्नल दिसू लागला. कोद्रुत्सा माझ्या शेजारी आली.

"इथून सरळ पुढं, काका. मस्त चाललंय. थांबू नका."

"हो," मी म्हणालो, आणि थांबलो.

मला वाटतं, मी सत्तर वर्षांत पहिल्यांदाच 'हो' म्हणून उलटं वागलो. छत्री मिटून झाडाला टेकवली. लोक माझ्याभोवती गोळा झाले.

"इथे एक घर होतं," मी सुरुवात केली. मग म्हणालो, "आमचं."

वाहनांचा आवाज होता. पुढचे दोघेच ऐकत होते. मी पिशवीतून पेले काढून पदपथाच्या कठड्यावर मांडले, डब्यातला भात वाढला, चेरी बांधल्या. मेणबत्ती पेटवली की बस जायची आणि ती विझायची.

"अरे वा, चाखायलाही आहे!" डच गृहस्थ म्हणाले. त्यांनी पेला एका हातानं उचलला, दुसऱ्या हातानं खिशातून नोट काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. "फार सुंदर कल्पना."

"नाही, नाही, पैसे नाहीत..."

"अहो, राहू द्या!"

पोर्तुगीज बाईंनी मान हलवली. "मला साखरेचा त्रास आहे, माफ करा." तरुण जोडप्यानं एक पेला घेतला, त्याचा फोटो काढला आणि परत कठड्यावर ठेवून दिला.

पैसे देऊन घेतलेलं पोचत नाही. परत ठेवलेलं तर नाहीच नाही. मी ते समजावून सांगू लागलो, पण मला शब्द आठवेनात. चाळीस वर्षं मी इतरांच्या वाक्यांतले शब्द जागेवर बसवले, आणि इथं मला एक साधं वाक्य जुळवता येईना. आई फाटकात उभी आहे आणि पोस्टमन न बघताच निघून चाललाय, असं काहीतरी वाटलं.

कोद्रुत्सा लोकांना हसून दाखवत माझ्याजवळ आली. हसू तसंच ठेवून आपल्या भाषेत म्हणाली, "काका, काय चाललंय हे? खायला देतोय आपण लोकांना, रस्त्यावर? कुणाचं पोट बिघडलं म्हणजे? थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी तुम्हाला? हे असं असेल तर मला दुसरा माणूस बघावा..."

मी गडबडलो. हातात नुकताच भरलेला पेला होता. कुणी रागावलं की हातात असेल ते पुढे करायचं, ही माझी लहानपणची खोड. मी तो पुढे केला.

तिनं मोबाईल काखेत दाबला, दोन्ही हात पुढे केले आणि पेला घेतला.

"बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली. आणि त्याच दमात, "...बघावा लागेल, आधीच सांगून ठेवते..."

मग ती थांबली. हातातल्या पेल्याकडे तिनं पाहिलं, जणू तो तिथं कसा आला हे तिला कळत नव्हतं. चेरीचा घोस तिच्या मनगटावर लोंबत होता.

"आज मोशी आहे," ती हळूच म्हणाली. पितरांच्या शनिवारचं आमच्याकडचं नाव तेच. "माझी आजी सकाळपासून फोन करतेय. मी उचलला नाही." मग विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"आईच्या. पारास्किवा."

"देव त्यांना क्षमा करो. आणि इथंच का?"

"इथं फाटक होतं."

तिनं सिग्नलच्या खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कमाल आहे तुमची. एवढं बोलता आलं नाही तुम्हाला? इतके दिवस?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. वळली, पिशवीत हात घालून नोट काढली आणि डच गृहस्थांच्या हातावर ठेवली. तिचा आवाज मोठा आहे. रस्त्याच्या पलीकडच्यांनीही वळून पाहिलं.

"मंडळी, हे विकत घ्यायचं नाही आणि हे फेरीतलंही नाही. या काकांची आई वारली. ते तिच्या घराच्या दारात तुम्हाला काहीतरी देतायत. दोन्ही हातांनी घ्या, आणि मी म्हणते तो शब्द म्हणा."

डच गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी पेला परत माझ्या हातात दिला, म्हणजे मला तो पुन्हा देता येईल. मी दिला. त्यांनी तीनदा प्रयत्न करून शब्द म्हटला. तो बराच मोडला होता, पण कुठल्याही मुद्रितात मी तो चालवून घेतला असता.

पोर्तुगीज बाई पुढे आल्या. "आमच्याकडे संतांच्या दिवशी मुलं दारोदार पाव मागायला जातात. मेलेल्यांच्या नावानंच." त्यांनी टोपी काढून काखेत धरली. "साखरेचं बघते मी. एका चेरीनं काय होतंय?"

तरुण जोडप्यानं मोबाईल खिशात ठेवले. त्यांच्या मागून बाकीच्यांनीही घेतलं. मेणबत्त्या विझत होत्या, तेव्हा डच गृहस्थ स्वतःहून रस्त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"एवढ्या उंचीचा कधीतरी उपयोग व्हावा," ते म्हणाले. त्यांच्या आडोशाला ज्योती थोडा वेळ टिकल्या.

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. सगळे माझ्या अंगणात उभे राहून भात खात होते.

राजवाडा पाहून झाला, टाळ्या झाल्या, लोक पेले बॅगांत नीट गुंडाळून पांगले. कोद्रुत्सा चेरीच्या बिया मुठीत धरून माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत आली.

"आजीला फोन करते आता," ती म्हणाली. "पण काका, थांबा मात्र नाही ठेवता येणार हं. दहा मिनिटं तिथं घालवली की पुढचं सगळं कोसळतं. रोज काही मोशी नसते."

"बरोबर आहे," मी म्हणालो. या वेळी मला ते खरंच पटलं होतं.

पोचलं की नाही, मला कसं कळणार? आईला स्वप्नं पडायची; मला ती फारशी पडत नाहीत.

सोमवारपासून मी नवी फेरी करतो. ती खरोखर आटोपशीर झाली आहे. त्या जागी आता मी काही सांगत नाही, कधी सिग्नल लाल असतो तेव्हासुद्धा नाही. लोक पदपथाच्या कडेला उभे राहतात आणि मी म्हणतो, "जरा आत या, गाड्या फार जवळून जातात." ते आत सरकतात. एकमेकांत बोलतात, पाणी पितात, राजवाडा अजून किती लांब आहे ते विचारतात.

सिग्नल हिरवा झाला की मी त्यांना पुढे घालतो. घरातून सगळे निघाले की शेवटच्यानं फाटक ओढून घ्यायचं, नाहीतर कोंबड्या रस्त्यावर जातात, अशी आईची शिस्त होती. मी बुजरा, त्यामुळे शेवटचा नेहमी मीच असायचो. अजूनही सगळ्यांच्या मागून मीच निघतो. पदपथावरून उतरताना माझा डावा हात किंचित मागे जातो. उजव्या हातात उघडी छत्री असते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे असतं.