लखूच्या छपरावरचा फणस

मी फणस बोलतोय. गुंद गावात लखूच्या घराला खेटून उभा आहे, तोच. मला भीती वाटते, आणि ती कुणाला सांगता येत नाही.

लखूच्या आज्याने गरे खाऊन आठळी उकिरड्यावर फेकली, तिथे मी रुजलो. या घराने माझे गरे खाल्ले, माझ्या पानांच्या द्रोणांत पीठ उकडलं. माझी एक दांडगी फांदी छपरावर पसरली, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. उन्हाळ्यात घर गार राहायचं. माणसं सावली बघतात, ती कशाच्या आधाराने उभी आहे ते बघत नाहीत.

गेली काही वर्षं वाळवी मला आतून खातेय. बाहेर पानं हिरवीगार, फळं बुंध्यापर्यंत लगडलेली, आत पोकळी. वारा सुटला की आत काहीतरी करकरतं. आणि बरोबर खाली पार्वती निजलेली असते. लखूची बायको. तिला सातवा महिना लागलाय.

जूनच्या तोंडावर रामनगरची तुळजा आली. बेळगावात कॉलेज शिकलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं. गावोगाव फिरून लोकांना वादळासाठी तयार करणं हेच तिचं काम.

"कारवारच्या समुद्रात वादळ उठलंय. रेडिओवर सांगितलंय. खाली किनाऱ्यावर लोकांनी होड्यासुद्धा वर ओढल्या. तुम्ही ही फांदी आजच उतरवा."

लखू हसला. "समुद्र कुठं, आमी कुठं? मासा कदी घाट चढून आलाय व्हय?"

"मग गेल्या वर्षीच्या वादळात तुमच्या गावातल्या गुणाकाकांचं छप्पर काय माशानं नेलं?"

लखू कुऱ्हाड घ्यायला वळला, तर पार्वती दारात आडवी उभी.

"भरल्या झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई. मीबी भरल्या पोटाचीच हाय."

लावू दे गं, लावू दे त्याला, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण झाडाला तोंड नसतं.

तुळजाचा राग नाकावर आला होता. तरी ती गेली नाही. तिने ओढणी कमरेला बांधली. "मग आधी फणस काढू. झाड मोकळं झालं की चालेल ना, वयनी?"

पार्वती माझ्याकडे बघत राहिली. "चालंल. पन देठ हळू कापा. आनि हाताला तेल लाव बाई, न्हाईतर चिकानं हितंच चिकटशील, मग नवऱ्याला हितंच यावं लागंल."

माझ्या कोवळ्या कुयऱ्या, अगदी लहान फळंसुद्धा, उतरल्या. पार्वतीने बुंध्याला हळदकुंकू लावलं. मग लखू वर चढला आणि दोर बांधून त्यांनी फांदी तोडून खाली सोडली.

कापल्या जागेतून भुसा गळायला लागला. लखूने आत हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"ह्यो तर समदाच पोकळ हाय," तो हळूच म्हणाला.

सगळं झाड पाडायला वेळ उरला नव्हता. पश्चिमेकडचं आभाळ काळवंडलं होतं.

"शाळेत चला. आत्ताच्या आत्ता," तुळजा म्हणाली. पार्वतीने तरी एक फणस उचललाच. "तितं समद्यांस्नी भाजी हुईल." मग तिघंही शाळेच्या वाटेला लागली.

आता वारा घाट चढून आलाय. माझी मुळं मातीतून सुटतायत, एकेक. भीती अजून आहे, पण ती आता माझ्या एकट्याची आहे.

तुमच्या घरावर माझा एखादा भाऊबंद वाकला असेल, तर आभाळ स्वच्छ असतानाच त्याच्या बुंध्यावर थाप मारून बघा. पोकळ वाजला तर माया करत बसू नका.

पार्वती, घरात कुणी राहिलं नाही ना?

दाराला बाहेरून कडी दिसतेय. बरं. मग येतो खाली.