मामा आला गं!

त्या दिवशी सकाळी आमच्या सासूबाईंचं आणि माझं दोरीवरून वाजलं.

"नवी दोरी धाकटीला आणि गाठी मारलेली मला? मी काय उकिरड्यावर सापडले होते?"

सासूबाई चुलीपुढून मान न वळवता म्हणाल्या, "तुझी मोळी अर्धी गप्पांनीच भरलेली असते. गप्पा बांधायला नवी दोरी कशाला लागते?"

खोटं बोलल्या असत्या तर भांडले तरी असते.

भांडायलाही सवड नव्हती म्हणा. दुसऱ्या दिवसापासून पावसाळ्याचे चार महिने जंगलाचं फाटक बंद होणार होतं. आणि आमचं घर चालतं जंगलावर. चुलीला काटक्या तिथल्या, गाईला गवत तिथलं, छपराला पाला तिथला, आणि मीठमिरची यायची ती डिंक आणि मध विकून. पुरुषमंडळी मधासाठी पलीकडच्या डोंगरावर गेलेली. म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही तिघी निघालो. सासूबाईसुद्धा! दोन वर्षं गुडघ्यांच्या नावानं विहिरीवर न गेलेली बाई, पण आमच्या दोघींवर तिचा भरवसा नाही.

माझा जीव मात्र सरपणात नव्हता. धाकटी म्हणजे माझी जाऊ, लग्न होऊन आठ महिने झालेली. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवली. मामा शहरात शिंपी. त्यांचा चार दिवसांपूर्वी निरोप आला होता, "भाचीला मी शिलाई मशीनवर बसवली, आणि तुम्ही तिच्या डोक्यावर मोळी ठेवता? येतो आणि घेऊन जातो." त्यावर धाकटी हूं की चूं बोलली नव्हती. ती गेली तर मी घरात बोलायचं कुणाशी? सासूबाईंशी? त्यापेक्षा भिंत बरी, भिंत उलटून बोलत नाही. खरं सांगते, पोरीचा मला लळा लागला होता. पण हे तिला सांगायचं कसं, आमच्यात तशी पद्धत नाही.

आता एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जंगलात अस्वलाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं वाटतं आणि ते येतं. म्हणून त्याला मामा म्हणायचं. मी आत्ता घरात बसून सांगतेय म्हणून धीर केला. धाकटी नवी असताना सासूबाईंनी तिला बजावलं होतं, "मामा दिसला की आरडाओरडा कर आणि झाडावर चढ." तर ही मुळूमुळू रडायलाच लागली. "असं नका हो बोलू, माझे मामा फार प्रेमळ आहेत!"

तर दुपार कलली होती. माझी मोळी बांधून झाली होती, धाकटीची माझ्या दीडपट. एवढ्यात वरच्या अंगाला झाडावर बसलेला डिंकवाला ओरडला. नंतर कळलं, तो म्हणाला होता, "वहिनी, तुमच्याकडे पाहुणे, धाकटीचे मामा आलेत!" पण वाऱ्यानं पाहुणे खाल्ले, धाकटी खाल्ली, आणि आमच्यापर्यंत आलं ते एवढंच, "मामा आलेत!"

"अगं बाई, मामा!" मी किंचाळले आणि समोरच्या झाडावर गेले. कशी गेले विचारू नका. खाली बघते तर सासूबाई माझ्या पाठोपाठ! ते गुडघे, ज्यांना दोन वर्षं मी तेल चोळतेय, ते खारीसारखे सरसर वर येत होते. पण निम्म्यावर लुगडं फांदीत अडकलं, आणि बाई तिथंच लोंबकळल्या.

तेवढ्यात झुडूप हललं. काळंभोर, केसाळ, चार पायांवर, घुसमटल्यासारखं हुं हुं करत काहीतरी चढणीवरून वर येत होतं.

"धाकटे, चढ!" मी ओरडले.

पण धाकटी चढली नाही. सासूबाई मध्येच अडकलेल्या पाहून पोरगी झाडाखाली उभी राहिली, डिंकाचा डबा बडवायला लागली. "हट! हाड! चल निघ!"

ते काळं थांबलं. "अगं... मी... मामा!"

"माहितीये तू मामा! म्हणूनच हट म्हणतेय!" असं म्हणून तिनं नवी दोरी ओढली, मोळी सोडली आणि एकेक लाकूड भिरकवायला सुरुवात केली.

तिसरं लाकूड बरोबर बसलं. "आई गं!" करून ते काळं दोन पायांवर उभं राहिलं, कांबळं खाली पडलं, आणि आतून निघाले टक्कल पडलेले, जांभळं खाऊन तोंड जांभळं झालेले शिंपीमामा. आभाळ आलं म्हणून कांबळं डोक्यावरून घेतलेलं, आणि वहाण तुटली म्हणून चढ हातापायांवर चढत होते बिचारे.

चौथं लाकूड धाकटीच्या हातातच राहिलं.

"अगं बोललो मी," मामा कपाळ चोळत म्हणाले, "अस्वल कधी बोलतं का?"

"शूऽऽ!" आम्ही तिघीही एकदम ओरडलो. "नाव घेऊ नका!"

मग धाकटी रडली, हसली, पुन्हा रडली आणि मामांच्या टेंगळावर पदर दाबून बसली. पण सूर्य काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. अंधाराआधी फाटकाबाहेर पडायचं होतं. चौघांनी... छे, तिघांनीच पसरलेलं सरपण गोळा केलं. सासूबाई अजून वरच होत्या. धोका टळल्याबरोबर गुडघे परत दुखायला लागले होते.

शेवटी मामा झाडाखाली पाठ वाकवून उभे राहिले. "या विहीणबाई."

"पाहुण्यांच्या पाठीवर? लोक काय म्हणतील!" सासूबाई म्हणाल्या आणि धपकन बसल्या. मामांच्या तोंडून नुसती हवा निघाली.

धाकटीनं आपली मोळी उचलली, एका झटक्यात डोक्यावर घेतली. "मामा, जपून हं. आमच्या आत्याबाईंचे गुडघे नाजूक आहेत."

आम्ही दोघी सासूबाईंना आत्याबाई म्हणतो. त्यात नवीन काही नव्हतं. पण मामा चालता चालता थबकले आणि भाचीकडे बघत राहिले. म्हटलं, आता हा माणूस घरी जाऊन पोरीची ट्रंक भरणार.

फाटकावर रखवालदार आडवा आला. "वाळलेलं तेवढंच न्यायचं. हे झाडावरनं काय उतरवून आणलंत?"

"वाळलेलंच आहे हो," मामा धापा टाकत म्हणाले, "वजन तेवढं ओल्याचं आहे."

वरून टकलावर चापट बसली.

रखवालदार हसला. "तुम्ही नवे दिसता. कशाला आला होता?"

"भाचीला न्यायला."

"मग?"

"मग काय! मला जनावर समजून लाकडानं बडवते, आणि ह्यांना म्हणते 'आमच्या'. आता ती कुठली यायला माझ्याबरोबर?" मामांनी सासूबाईंना पाठीवर जरा वर सरकवलं. "भाचीला न्यायला आलो होतो, सासूलाच उचलून चाललोय. सोडा फाटक, पाठ मोडतेय."

मोळीखाली धाकटीची मान ताठ होती, आणि ती सगळ्यांच्या पुढं, घराच्याच रस्त्याला लागली. मी मागून चालले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. कुणी विचारलं असतं तर घाम आहे म्हणाले असते, पण विचारलं नाही कुणी.