रुपयाएवढा चट्टा

आठवड्यापूर्वी दत्तोपंत गुरुजींचा डावा हात तापलेल्या तव्याला टेकला. गुरुजींना ते कळलंच नाही. बायकोला, सरोजिनीबाईंना, वास आला, त्या ओरडल्या, तेव्हा कळलं. मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. त्यानंतर गुरुजी पुलगावच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले.

सातवीला शरीरशास्त्र तेच शिकवत. कातडीत स्पर्शाचे, थंडीचे, उष्णतेचे, वेदनेचे वेगवेगळे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका मेंदूला आपापली तार करतो. आपल्या हातावरचं एक तारघर बंद पडलंय, हे ओळखायला त्यांना डॉक्टर नको होता. पण महारोग्याला कोण शाळेत ठेवील?

छप्पन सालच्या मार्चात महारोग तपासणीचं पथक शाळेत आलं. हेडमास्तरांच्या खोलीत पेटी उघडून बसला होता रूपराव, गुरुजींचाच जुना विद्यार्थी.

"बाही वर करा गुरुजी. डोये मिटा. लागलं का तिथं बोट ठेवा."

गुरुजींनी डोळे मिटले आणि कान उघडले. रूपराव पुढे वाकला की खुर्ची करकरे. कर्र! गुरुजींनी चट्ट्यावर बोट ठेवलं. पुन्हा कर्र, पुन्हा बोट. मग पाण्याच्या दोन नळ्या आल्या. गरम नळी रूपराव फडक्यात धरी, फडकं सळसळे.

"गरम," गुरुजी म्हणाले. "थंड. गरम."

आयुष्यभर दुसऱ्यांची कॉपी पकडलेल्या माणसाला स्वतःची चांगलीच जमली.

मग पुन्हा कर्र झालं. गुरुजींनी बोट ठेवलं.

"इथं."

रूपरावनं हातातला कापूस पेटीत ठेवला. कपाळावरचा घाम गुरुजींना अगदी बारकाईनं जाणवला. तिथले ठिपके शाबूत होते.

"गुरुजी, मी हात लावलाच नाई. नुसता वाकलो."

बाहेरून हेडमास्तर वासुदेवरावांनी विचारलं, "आटोपलं का?"

"काऊन असं करून राह्यले?" रूपराव हळूच म्हणाला. "आत्ता गोया घेतल्या तर थांबते. नाई तर बोटं जातात. लिहू का पास?"

त्यानं दौतीत टाक बुडवला आणि थांबला.

गुरुजींनी हात पुन्हा पुढे केला. "परत घे. कानात बोळे घाल माझ्या."

या वेळी त्यांचं बोट जागचं हललं नाही. कापूस, टाचणी, नळी, कशाचीच तार आली नाही. मग चट्ट्याच्या अगदी कडेला काहीतरी टोचलं.

"इथं," ते म्हणाले, आणि हे खरं होतं.

चट्ट्याभोवती शाईची रेघ ओढून झाली तेवढ्यात वासुदेवराव दार ढकलून आत आले.

"काय निघालं?"

रूपरावनं तोंड उघडलं, पण गुरुजींनी कानातले बोळे काढले आणि स्वतःच सांगितलं, "महारोग. तिसरा तास माझा आहे."

"याह्यचा प्रकार दुसऱ्याले होत नाई साहेब," रूपराव घाईनं म्हणाला. "लिहून देतो."

वासुदेवरावांनी त्या रेघेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"लिहूनच द्या. सहीसकट." मग गुरुजींना म्हणाले, "जा. पोरं वाट पाहताहेत."

दार मोकळं करताना मात्र ते गरजेपेक्षा दोन हात जास्तच मागे सरकले. एवढी जागा गुरुजींना लागत नव्हती. पण त्यांनी ती घेतली, आणि वर्गावर गेले.