दगडावर रुपरावांचं नाव

रणगाड्यासोबत फोटो काढून झाला असेल, तर जरा डावीकडे बघा. पानठेल्याच्या बाजूला काळा दगड दिसतोय ना? तो मी बोलतोय. मनीषनगरच्या पलीकडच्या या जुन्या वस्तीत मी पन्नासहून जास्त वर्षं उभा आहे. तो लोखंडी पाहुणा येऊन जेमतेम दोन वर्षं झालीत, तरी ऑटोवाले चौकाला त्याच्याच नावाने ओळखतात. मी जळतो त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?

एकाहत्तरची लढाई संपली, तेव्हा वस्तीने मला खाणीतून आणलं. इथले तिघे फौजेत होते. भैयाजी आणि विश्वनाथ गेल्याची तार आली होती. रुपराव बेपत्ता होते. बेपत्ता म्हणजे गेलाच, असं सगळ्यांनी धरलं आणि पाथरवटाने तिघांचीही नावं कोरली. वर्षभराने रुपराव शत्रूच्या कैदेतून सुटून आले. लंगडत एसटीतून उतरले आणि माझ्यावर स्वतःचं नाव वाचत उभे राहिले.

पाथरवट छिन्नी घेऊन आला, पण त्यांची आई प्रयागबाई मला पाठ लावून बसली. "खोडू नको गा. ज्याच्या मरणाची आवई उठते त्याचं आयुष्य वाढते. राहू दे त्याले दगडावर."

तेव्हापासून दर सोळा डिसेंबरला रुपराव पांढऱ्या रंगाची डबी आणि कुंचला घेऊन येतात. आधी भैयाजीचं नाव रंगवतात, त्याखाली विश्वनाथचं, शेवटी स्वतःचं. वर्षभर माझ्यावर लोक तंबाखूचा खर्रा थुंकतात, गाड्या टेकवतात. त्या एका सकाळीवर मी वर्ष काढतो.

मग क्रेनला लटकून हा रणगाडा आला. बँड काय, फुलं काय! त्याला पाइप लावून धुतात. पोरं त्याच्या नळीला लोंबकळतात. गेल्या सोळा डिसेंबरला तर रुपरावांची खुर्चीही त्याच्याच सावलीत मांडली. रंगाची डबी त्यांच्या मांडीवर, आणि मी इकडे कोरडा. माझा नुसता जळफळाट झाला.

रणगाडा आणणाऱ्या समितीचा सुशील माइकवर बोलायला उभा राहिला. रणगाड्याखाली ग्रॅनाइटचा फलक बसणार, नावं तिकडे जाणार आणि दगड हटवणार, असं त्याने सांगितलं. "आन् काका, जुनी चूक बी दुरुस्त करून राहिलो आम्ही. तुमचं नाव त्यात नाही. तुम्ही तर जिवंत आहात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुपराव उठले आणि नात दामिनीचा हात धरून माझ्याकडे चालू लागले.

"काका, तिकडं काहून चालले?" सुशीलने विचारलं.

रुपराव माझ्यापाशी येऊन थांबले. "लढाईत त्या दिवशी पाणी आणाची पाळी भैयाजीची होती. त्याले ताप होता म्हणून मी गेलो. मले तिकडंच पकडलं, आन् मांगं ते दोघं मेले. तुह्या फलकावर ते दोघंच राहतीन. मी त्यांच्यासंग फक्त इथं आहे. ह्या दगडाले हात लावू नको."

सुशीलने माइक खाली ठेवला. दगड हटवायची गोष्ट तिथेच संपली.

मी मनातल्या मनात रणगाड्याकडे बघून हसलो. पण रुपराव खाली बसले, भैयाजीच्या नावावरून बोट फिरवू लागले, आणि माझं हसू गेलं. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी येतो. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. आता मला रणगाड्याचं काही वाटत नाही. हेवा वाटतो तो माझ्याच अंगावरच्या त्या दोन नावांचा.

त्या दिवशी त्यांनी कुंचला डबीत जरा जास्तच बुडवला. वरच्या नावाचा रंग ओघळून खालच्या दोन्ही नावांत उतरला. दामिनी पुसायला गेली, तर म्हणाले, "राहू दे वं."

तुम्हीही पुसू नका.