कपाटातला हात

मी एक जुना हात आहे. जुना म्हणजे फार वर्षांचा नव्हे. पण कपाटात घालवलेले दिवस दुप्पट धरावेत, असे माझे मत आहे. मी डावा आहे. मला मनगट आहे, तळवा आहे, पाच बोटे आहेत आणि वरून मऊ रबरी कातडे आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मी मध्येच चिडलो तर वाईट वाटून घेऊ नका. मी ज्या घरात राहतो तिथे कुणी आवाज चढवत नाही. त्यामुळे सगळी चिडचिड माझ्यातच साठून राहिली आहे.

मला पेडण्याच्या गौरवीने घडवले. रोज बसने ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत यायची आणि डबा उघडायच्या आधी माझी बोटे उघडून बघायची. "धरायला काय, चिमटासुद्धा धरतो," ती म्हणे. "धरलेलं कळायला हवं." म्हणून तिने माझ्या प्रत्येक बोटाच्या टोकाशी, कातड्याखाली, दाब ओळखणारी एक बारीक टिकली बसवली. माझ्या बोटाला काही लागले की माणसाच्या दंडावर बांधलेला पट्टा गुणगुणतो. हलके लागले तर हलका, घट्ट धरले तर जोरात. बोटे माझी, पण कळते माणसाला. देवाने दिलेल्या कातडीपुढे हे काहीच नाही, हे गौरवी स्वतःच सांगायची. तरी मला माझा अभिमान होता.

मग माझ्या नशिबी अंडी आली. कुणी पाहुणा आला की माझ्या बोटांत अंडे द्यायचे. मी ते फोडले नाही की टाळ्या. पुन्हा पाहुणा, पुन्हा अंडे. एका पाहुण्यांनी तर विचारले, "याला नमस्कार करता येतो का?" अहो, एकट्या हाताने नमस्कार कसा करायचा? मला वाटे, मला कुणीतरी घरी न्यावे आणि खरे काम द्यावे.

ते घर मला डिचोलीजवळच्या सर्वण गावात मिळाले. तिथल्या सुमंगलेचा डावा हात पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला होता. गिरण तिचीच होती. पण गिरणीचे दुःख तिने केले नाही. तिचे दुःख वेगळे होते. लग्न होऊन आल्यापासून तिचे एक व्रत होते. रोज सकाळी अबोलीची फाती करायची, शेताच्या कडेच्या घुमटीत देवीला वाहायची आणि मगच तोंडात पाणी घालायचे. फाती म्हणजे केळीच्या सोपटाच्या धाग्याने फुले एकमेकांना बांधून केलेली वेणी. डाव्या हाताच्या बोटांत फुलांचे देठ धरायचे आणि उजव्या हाताने धागा फिरवून गाठ मारायची. एका हाताने फाती होत नाही.

त्यामुळे आता फाती तिची सासू सुलोचना करत असे. सासूबाईंना नीट दिसत नाही. त्यांची गाठ सैल बसे आणि घुमटीपर्यंत जाईतो अर्धी फुले वाटेत गळत. सुमंगला त्यांच्या शेजारी उपाशी बसून राही, आणि खालची फुले उचलून देई.

गौरवी मला घेऊन आली तेव्हा ती निक्षून म्हणाली, "काकी, रोज वापरा. दसरा झाला की मी बघायला येईन. नाही वापरलात तर मला हात परत न्यावा लागेल. दुसरी माणसं वाट बघतायत."

सुमंगलेने मान डोलावली. ती मला फुलांकडे नेणार, इतक्यात तिचा नवरा कृष्णनाथ पुढे आला. कृष्णनाथ पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा, आता पिकअप चालवतो. माणूस देवासारखा, पण वस्तू जपण्याचा त्याला भारी सोस. त्याच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. वर रबर. सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल.

"अगो, लगेच कशाला? केळीचा चीक लागला तर?" तो म्हणाला. "कपाटात ठेवूया. कुणी बघायला आलं तर काढू."

झाले! मलाही प्लॅस्टिकची पिशवी मिळाली. वर रबर. शेजारी रिमोट.

मित्रांनो, ज्याला जाणीव आहे त्याला पिशवीत घालून ठेवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. माझ्या बोटांना दिवसभर प्लॅस्टिक लागायचे. नुसते प्लॅस्टिक! बाहेर फुले यायची, त्यांचे देठ खुडल्याचा आवाज यायचा, आणि मी आत. कुणी बघायला आले की मला काढायचे, सुमंगलेला बांधायचे, मूठ मिटून उघडून दाखवायची आणि परत पिशवीत. शेजारचा बाबली एकदा हसत म्हणाला, "काय रे कृष्णनाथ, ट्रकाकसुद्धा इतका पुसत नव्हतास! सोन्याचा आसा काय?"

"तुला नाही कळायचं," कृष्णनाथ म्हणाला आणि त्याने मला पुन्हा पुसले.

मग दसरा आला. या घरात दसऱ्याला सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाटावर कोयता, विळी, मिक्सर, पिकअपची चावी आणि मधोमध मी. सासूबाईंनी मोठ्या भक्तीने माझ्या पाचही बोटांना ओले गंध लावले. वर हळद, वर कुंकू, वर झेंडूची माळ. भक्तीबद्दल माझी तक्रार नाही. पण कातड्याला बोटांच्या टोकांशी बारीक शिवण असते. गंध त्या शिवणीत उतरले आणि तिथेच वाळले. माझी दोन बोटे बधिर झाली. देवासारखे पूजले आणि दगडासारखे करून ठेवले!

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळच्या बसने गौरवी आली, मला परत न्यायला लागले तर म्हणून रिकामी पेटी घेऊन. तिने पिशवीचे रबर काढले, माझी बोटे बघितली आणि कपाळावर हात मारला.

"हे काय केलंत?"

"पूजा केली गो बाय," सासूबाई म्हणाल्या.

गौरवी ब्रश घेऊन बराच वेळ माझी बोटे साफ करत बसली. मला सुमंगलेच्या कोपरापाशी बांधले, दंडावर पट्टा बांधला. मग पर्समधून तिने काय काढावे? अंडे! मी मनातल्या मनात डोके आपटले.

"अगो बाय!" सासूबाई दचकल्या. "आज सोमवार! अंडं घेऊन ह्या घरात? पलीकडे बाबलीकडे जा. त्याला वार नसतात."

"मग टोमॅटो द्या, आजी."

"दाबून फुकट घालवायला?"

"मला बघायचंय त्यांना हलकं धरता येतं की नाही. नाहीतर आज हात घेऊन जाते. घरात मऊ, हलकं काय आहे?"

सुमंगला अजून उपाशीच होती. परडीतली फुले तशीच पडून होती. ती हळूच म्हणाली, "अबोली आहे."

आता खरी परीक्षा! पहिले फूल मी धरले आणि चिरडले. दुसरे धरले, तेही चिरडले. मला स्वतःचाच संताप आला. इतकी अंडी सांभाळली आणि हे एवढेसे फूल सांभाळता येईना? अंड्याला निदान कवच असते. अबोलीला काही नसते. "सैल, काकी, सैल!" गौरवी शेजारून सांगत होती. तिसरे फूल बोटांतून निसटून खालीच पडले.

"पुरे गो," कृष्णनाथ पुढे येत म्हणाला. "बिघडेल तो. घेऊन जाऊ दे तिला."

आणि तेव्हा, मित्रांनो, मी त्या घरात पहिल्यांदा चढलेला आवाज ऐकला. तो सुमंगलेचा होता.

"बिघडला तर बिघडू दे! माझं व्रत मोडलं, ते कुणी असं जपून पिशवीत घालून ठेवलं नाही. ह्याला मात्र ठेवलंत!"

कृष्णनाथ जागच्या जागी थांबला. सासूबाईंनी हातातला धागा खाली ठेवला. बोलून झाल्यावर सुमंगलेलाच रडू आले. तिने ते पदराने पुसले आणि गौरवीला म्हणाली, "बाय, तू काही सांगू नकोस. मला पट्ट्याकडे लक्ष देऊ दे."

तिने जपाला बसताना मिटते तसे डोळे मिटले. चौथे फूल मी देठाला धरले. पट्टा हलकेच गुणगुणला, घंटेचा नाद विरता विरता उरतो तेवढाच. त्याहून घट्ट नाही, त्याहून सैल नाही. तिथे आम्ही दोघे थांबलो. उजव्या हाताने धागा फिरवला. गाठ बसली. मग पुढचे फूल. मध्ये आणखी काही चिरडली. खोटे कशाला सांगू? पण फाती वाढत गेली.

सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली, बोटांनी चाचपली.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या. मग एक गाठ ओढून बघत म्हणाल्या, "पण घट्ट आहे. माझी सुटत होती. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती."

फाती माझ्याच बोटांत धरून सुमंगला घुमटीपर्यंत चालत गेली. वाटेत एकही फूल गळले नाही. परत आली तेव्हा कृष्णनाथ दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तिने उजवा हात पुढे केला नाही. तांब्या माझ्या बोटांत घेतला आणि पाणी प्यायली. गौरवीने रिकामी पेटी बंद केली आणि बसला निघाली.

आता माझ्या अंगठ्याचे कातडे झिजले आहे. केळीच्या चिकाचे काळे डाग पडले आहेत, ते जात नाहीत. सासूबाईंनी लिंबू लावून पाहिले. लिंबू! पुढच्या खेपेला गौरवीने ते डाग बघितले तेव्हा मला वाटले, ओरडेल. ती हसली आणि अंगठ्याला नवे कातडे चढवून गेली.

मित्रांनो, वस्तू जपा, पण तिच्याकडून काम घेऊन जपा. पुसा, धुवा, वेळेवर दुरुस्त करा. गंध लावायचेच असेल तर मनगटाला लावा. पण ज्याला स्पर्शासाठी केले त्याला स्पर्शापासून दूर ठेवू नका.

रोज पहाटे फुले येतात. मी पाटावर उघडा, तयार असतो. रिमोट मात्र अजून पिशवीतच आहे. त्याला बघितले की मला परत चीड येते.